पाट्या संपेपर्यंत बसू द्या की!

सिनेमाचं शेवटचं दृश्य काळं होऊन नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या आत खुर्च्या खटाखट मिटतात. माझ्या गुडघ्यांवरून माणसं, पर्सा, उरलेलं कोल्ड्रिंक. आज चपलेवर नाचोचं चीज सांडलं. अहो, आग लागलीय का? खाली पार्किंगच्या रांगेत वीस मिनिटं हॉर्नच तर वाजवायचाय!

दिवे फटाफट लागतात, दार सताड उघडतं. झाडूवाला पोरगा काळी पिशवी घेऊन असा बघतो, जणू मी भाडं थकवलेला भाडेकरू. (त्याची काय चूक? पुढचा शो दहा मिनिटांवर.)

पण हीच मंडळी मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांना ठाण मांडून बसतात! २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये पाट्यांनंतरच्या जादा दृश्यात निक फ्युरी हा गुप्तहेर उगवला, तेव्हापासून ही चटक. बसतात तेही मोबाइलमध्ये डोकं घालून. वर पडद्यावर पावलांचे, बांगड्यांचे आवाज स्टुडिओत नव्याने करणाऱ्या फोली कलाकाराचं नाव सरकून जातं. लग्नात माईकवरून पाहुण्यांची नावं अर्धा तास ऐकता, इथे चार मिनिटं जड?

आज फक्त गाणं कोणी गायलंय ते बघायचं होतं. नेमके त्याच ओळीसमोर एक काका उभे. स्वेटर घालत. सावकाश!