विकलेली वस्तू आणि मिळालेले पैसे, दोन्ही गमावण्याची पद्धत

कपाटात पडून असलेलं भारी घड्याळ, कुणी वापरत नाही अशी अंगठी, हौसेनं घेतलेली आणि हौस संपल्यावर उरलेली कॅमेऱ्याची लेन्स. असलं काही ऑनलाइन विकलं की पैसे मिळतात, हे कुणालाही ठाऊक असतं. पण तीन-चार महिन्यांनी ते पैसे परत जावेत आणि वस्तूही परत येऊ नये, हे सगळ्यांनाच जमत नाही. त्याला तयारी लागते. ज्यांना जमलंय ते लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत, म्हणून हे ज्ञान मागे पडलंय.

तयारी विक्रीच्या आधीपासून करावी. फोटो एकच काढा. रात्री, पिवळ्या दिव्याखाली, लांबून. घड्याळ असेल तर तबकडीवर बल्बचं प्रतिबिंब पडेल असं बघा. मागची बाजू, पट्ट्याचं कुलूप, कडेचे ओरखडे यांच्या वाटेला जाऊ नका. सिरियल नंबर तर मुळीच टिपू नका. जुन्या रोलेक्समध्ये, म्हणजे साधारण २००५ च्या आधीच्या, तो नंबर घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या कडेला, पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांच्या मधे कोरलेला असतो. पट्टा काढल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी बारीक हत्यार आणायचं, स्प्रिंगची काडी दाबायची, ती उडून सोफ्याखाली गेली की शोधायची, इतका उपद्व्याप कोण करतो? नंतरच्या घड्याळांत नंबर काचेच्या आतल्या कड्यावर असतो, वरूनच वाचता येतो. तरी वाचू नका. पुढे जेव्हा ग्राहक भलतंच घड्याळ परत पाठवेल, तेव्हा ते तुमचं नाही हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. तुम्हालाही नाही.

वर्णनात 'एकदम मस्त कंडिशन' एवढे तीन शब्द पुरे. दोष लिहिले की गिऱ्हाईक बिचकतं. शिवाय बऱ्याच विक्रेत्यांचा असा भाबडा हिशोब असतो की आपण काही लिहिलंच नाही, तर वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असं कोण कसं म्हणेल? म्हणतात. व्हिसा या कार्ड कंपनीच्या तक्रारींच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, १३.३. वस्तू मिळालीच नाही, याला १३.१. तुमच्या तीन शब्दांसमोर ग्राहकाची दोन पानं आणि नऊ फोटो ठेवले, की कोऱ्या जागेचा फायदा कुणाला मिळतो हे वेगळं सांगायला नको.

पाठवताना खर्च वाचवा. विमा नको, सही नको. पेपाल या ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा नियम आहे की ७५० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा माल असेल, तर वस्तू घेणाऱ्याची सही झाल्याचा पुरावा लागतो, नाहीतर विक्रेत्याला मिळणारं संरक्षण लागू होत नाही. नियमाच्या कागदात हे स्पष्ट लिहिलंय, म्हणजे ते कुणी वाचलेलं नाही याची खात्री बाळगा. आणि सही घेतलीत तरी ते संरक्षण दोनच तक्रारींसाठी आहे: वस्तू मिळाली नाही, आणि पैसे माझ्या परवानगीशिवाय गेले. 'मिळाली, पण सांगितल्यासारखी नाही' या तिसऱ्या तक्रारीपुढे ते छत्री मिटून बाजूला उभं राहतं.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे वस्तू हातोहात द्यायची. पैसे ऑनलाइन घ्यायचे, ग्राहकाला घरी बोलवायचं. माणूस सभ्य असतो, चपला बाहेर काढतो, पाणी मागतो, घड्याळ कानाला लावून 'वा' म्हणतो. अशा माणसाकडून पोच लिहून घेणं बरं दिसत नाही. मग काही आठवड्यांनी तोच कळवतो की पैसे दिले, वस्तू काही आली नाही. समोरासमोर दिलेल्या मालाला कुरियरची नोंद नसते आणि पेपालचं संरक्षणही नसतं. तुमच्याकडे पुरावा म्हणून उरतो तो पाण्याचा ग्लास, आणि तोही धुतलेला.

आता पैसे आलेत. ते आले म्हणजे आपलेच झाले असं समजून लगेच खर्च करा. घड्याळाच्या व्यवहारात एक गंमत असते: विकलेलं घड्याळ एक, पण चालू होतात तीन. ईबे या ऑनलाइन बाजारावर ग्राहकाला वस्तू पोचल्यापासून साधारण ३० दिवस असतात. पेपालवर पैसे दिल्यापासून १८० दिवस. आणि पैसे कार्डावरून गेले असतील, तर बँकेमार्फत व्यवहार उलटवायला व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी १२० दिवसांची मुदत असते, ती कित्येकदा वस्तू हाती पडल्यापासून मोजतात. ही तीन घड्याळं एकमेकांना विचारून चालत नाहीत. तुम्ही मात्र तिसाव्या दिवशी सुटकेचा नि:श्वास टाका, चॅट डिलीट करा, पावती फेकून द्या. एकतिसाव्या दिवशी काही झालंच तर बैल गेला अन् झोपा केला म्हणायला आपण आहोतच.

कार्डावरचा व्यवहार उलटवण्याच्या या सोयीचा जुना आधार म्हणजे अमेरिकेचा १९७४ चा कायदा. एकटा ग्राहक आणि समोर मोठी दुकानं, मोठ्या बँका, यात ग्राहकाची बाजू लंगडी पडू नये हा हेतू. हेतू उत्तमच. फक्त तुम्ही एक अंगठी विकलीत की नियमांच्या लेखी ते मोठं दुकान म्हणजे तुम्ही. तुमचा विधी विभाग कुठे आहे? पॅकिंग विभाग? तक्रार निवारण कक्ष? तिन्ही एकाच टेबलावर बसून रात्री अकराला मोबाईल बघतायत.

एव्हाना तक्रार आलेली असते. तक्रारींत विविधता असते आणि तिचं कौतुक करायला शिकलं पाहिजे. अंगठीच्या आतल्या बाजूला ७५० असा शिक्का असतो, तुम्ही १८ कॅरेट म्हणून विकलेली असते. तिसऱ्या महिन्यात ग्राहक लिहितो: तपासून घेतली, सोनं फक्त ७५ टक्के निघालं, फसवणूक झाली. १८ कॅरेट म्हणजेच हजारात ७५० भाग सोनं, त्या शिक्क्याचा अर्थच तो, हे दोन ओळींत शांतपणे कळवता येईल. पण दोन ओळींत मिटलं तर आपली पद्धत पुढे कशी सरकणार? त्याऐवजी त्याच्या शिक्षणावर बोला.

घड्याळवाल्याची तक्रार वेगळी. दोन महिने बरं चाललं, आता दिवसाला काही मिनिटं पुढे पळतंय, तुम्ही बिघडलेलं विकलंत. यांत्रिक घड्याळाला चुंबकाची बाधा झाली की आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं. टॅबलेटच्या कव्हरमध्ये चुंबक असतो, स्पीकरमध्ये असतो, आणि रात्री घड्याळ नेमकं त्यावरच काढून ठेवलं जातं. कारागीर ही बाधा काही सेकंदांत उतरवतो. पण हे ग्राहकाला सुचवणं म्हणजे त्याच्याशी माणसासारखं बोलणं. तो मोह टाळा.

उत्तर नेहमी रात्रीच द्या. 'चोर' हा शब्द पहिल्या ओळीत यावा. ग्राहकाच्या जुन्या खरेद्या शोधून काढा, तो हे धंदे नेहमी करतो असं लिहा, पोलिसांचा उल्लेख करा, एखाद्या ओळखीच्या वकिलाचाही करा. हे सगळं प्लॅटफॉर्मवरच्या संभाषणात लिहा, म्हणजे निकाल देणाऱ्याला तुमचा स्वभाव आयता वाचायला मिळेल. सकाळी उठल्यावर पश्चात्ताप झाला की एकदम दुसरं टोक गाठा: 'झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व, माझंच चुकलं असेल, काहीतरी करू.' रात्रीच्या मेसेजने सहानुभूती गेली, सकाळच्या मेसेजने कबुली दिली. एका दिवसात एवढं काम पुष्कळ झालं. महत्त्वाचं जे काही ठरेल ते मात्र फोनवर ठरवा, कारण फोनवरचं कुणाला दाखवता येत नाही.

इथे एक नाजूक हातोटी आहे, ती नीट समजून घ्या. तक्रार चालू असताना ग्राहक म्हणतो, कशाला एवढी भानगड, मला सरळ माझ्या खात्यात पैसे टाका, मी तक्रार मागे घेतो. टाका. प्लॅटफॉर्मच्या बाहेरून, दुसऱ्याच खात्यातून, शेऱ्याची जागा रिकामी ठेवून. वस्तू परत यायची वाट बघू नका, त्यात अविश्वास दिसतो. मग तक्रारीचा निकाल त्याच्या बाजूने लागतो आणि तेच पैसे तुमच्याकडून रीतसर पुन्हा कापले जातात. पहिले तुम्ही कशाचे दिले होते, हे सांगायला कुठेही कागद नसतो. एका वस्तूचे दोनदा पैसे परत करणं ही या विद्येतली वरची पायरी आहे.

काही विक्रेते प्लॅटफॉर्मवर जिंकतात. असं झालं तर खचू नका. तक्रार तुमच्या बाजूने मिटल्याचा ईमेल आला म्हणून प्रकरण संपत नाही. ग्राहक तिथून उठून बँकेकडे जाऊ शकतो आणि तिथे सगळं पहिल्यापासून चालू होतं. उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात, नोटीस ईमेलने येते, आणि तुम्ही तो पत्ता फक्त नोंदणीसाठी काढलेला असतो. तारीख उलटली की निकाल आपोआप लागतो. वर त्या प्रकरणाचं शुल्क म्हणून पेमेंट कंपनी आणखी काही कापून घेऊ शकते. दुष्काळात तेरावा महिना.

वस्तू परत आली, तर पार्सल एकट्यानेच उघडा. व्हिडिओ नको. आधी वजन करू नका, चिठ्ठीवर कुरियरने लिहिलेलं वजन बघू नका, सील शाबूत आहे का तपासू नका. सुरी घाला आणि खोका लगेच रद्दीत टाका. आत दुसरंच काही निघालं तर मग ओरडायला सुरुवात करा. कुरियरच्या नोंदीत पार्सल पोचलं एवढंच असतं, आत काय होतं ते नसतं. हे तुम्हाला स्वतः पाठवताना फार सोयीचं वाटलं होतं.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की विकणाऱ्याला मालातलं सगळं ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती असली की बाजार नासतो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. ते विक्रीच्या आधीचं झालं. कुरियरवाला जिना उतरला की पारडं फिरतं. आता वस्तू ग्राहकाच्या टेबलावर, प्रकाश त्याचा, भिंग त्याचं, आणि सवडही त्याची. तुमच्याकडे फक्त आठवण, आणि ती दर महिन्याला थोडी फिकट होत जाते. तीन महिन्यांनी भांडण उभं राहतं तेव्हा खरं काय होतं हे कुणी विचारत नाही, विकायच्या दिवशी तुम्ही काय टिपून ठेवलं होतं ते विचारतात. म्हणून तर सुरुवातीलाच सांगितलं, काही टिपू नका.

राहता राहिला एक अवघड प्रकार, ग्राहक खरं बोलत असतो तो. याबद्दल विक्रेते आपसात बोलत नाहीत. लेन्सचं घ्या. विकायच्या आधी तुम्ही ती टॉर्चपुढे धरून पाहिली होती. कडेला, आतल्या काचेवर, कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन पांढुरके तंतू होते. बुरशी. फोटोत येत नाही, असं मनाशी म्हणून तुम्ही झाकण लावलंत. ती दमट कपाटात वाढते, पुढे काचेवरच्या लेपाला खाते, आणि अमुक तारखेला इतकी होती हे मागाहून कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे हे एकच प्रकरण असं, की जिथे पुरावा नसणं तुमच्या पथ्यावर पडायला हवं. इथे पूर्ण ताकदीने लढा. खोट्या तक्रारीवर चिडला होतात त्याच्या दुप्पट चिडा. तीन महिने झोपला होतात का, असं ठणकावून विचारा. तुमच्याच घरची बुरशी, असं छातीठोकपणे सांगा.

अडचण एवढीच, की त्याने तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं: 'आत काहीतरी धाग्यासारखं दिसतंय, हे काय आहे?' आणि तुम्ही अंगठ्याचं चित्र टाकून लिहिलं होतं: 'ते पहिल्यापासूनच आहे, काही होत नाही. दोन-तीन महिने अधूनमधून उन्हात ठेवा, जाईल.' बिचाऱ्याने ठेवली. तुमचं चॅट डिलीट झालंय, त्याचं नाही.