ते पहिले दोन दिवस

गेल्या हिवाळ्यात जर्मनीत, ग्योटिंगेनला, मी साडेतीन आठवडे अंथरुणात होते. घसा इतका सुजला होता की आवंढा गिळवत नव्हता. येताना आईने बॅगेत औषधांची पिशवी दिली होती, आमच्या उचगावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. त्यातली ॲमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिक गोळी मी कुणाला न विचारता पाच दिवस घेतली. सहाव्या दिवशी पोटापासून मानेपर्यंत लालभडक पुरळ उठलं.

मी ज्या कुटुंबात राहते त्या काकूंनी ते बघितलं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासल्यावर कळलं की हा एपस्टाईन-बार विषाणूचा ताप आहे. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि या आजारात ही गोळी घेतली तर पुष्कळदा असं पुरळच येतं. पोटातली प्लीहा (पाणथरी) सुजली होती, म्हणून सायकल आणि ओझं उचलणं बंद. तापावर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि झोप. बाकी काही दिलं नाही. काकू कामावर जाण्याआधी उशाशी कॅमोमाइलच्या चहाचा थर्मास ठेवायच्या. झाकणाखाली चिठ्ठी असायची: कालचा ताप किती, तो किती वाजता मोजला. त्या चिठ्ठ्या मी अजून टाकलेल्या नाहीत.

ही हकीकत घरच्या ग्रुपवर गेली आणि वाद पेटला. चुलतभाऊ म्हणाला, "बघा, तिकडं डॉक्टर उगाच गोळी देत नाहीत. आपलीच माणसं अडाणी, सुई टोचल्याशिवाय ह्यांचं समाधान होत नाही." मावशी म्हणाली, "पोरगी तापानं फणफणालीय आणि पाणी पी म्हणत्यात? आमच्या डॉक्टरानं सलाईन लावून दोन दिसात उभी केली असती."

गोळीबद्दल भावाचं बरोबर आहे. माझ्या अंगावरचं पुरळच त्याची साक्ष. पण "अडाणी" हा शब्द मला मान्य नाही. कारण त्यानंतर फेब्रुवारीत काकू स्वतः फ्लूने पडल्या. त्या एका गोदामात माल लावायचं काम करतात, पगार काही फार नाही. सकाळी त्यांनी कामावर कळवलं, डॉक्टरांना फोन केला. ओळखीच्या पेशंटला साध्या दुखण्यात फोनवरसुद्धा आजारपणाचा दाखला मिळतो. मग त्या निवांत झोपल्या. इथे कायद्यानेच सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, पुढे आरोग्य विम्यातून साधारण 70 टक्के सुरू होतात. पहिल्या दिवसाचा पगार कापावा, अशी सूचना जानेवारी 2025मध्ये इथल्या एका बड्या विमा कंपनीच्या प्रमुखाने केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला!

आणि आमचे आबा? शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहेत, म्हणजे ओतकामाचे साचे करतात. त्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेच्या, 21,000 रुपयांच्या मर्यादेत बसतो, म्हणजे आजारपणाचा भत्ता कागदावर आहे. सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण नव्या दुखण्याचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. साधा ताप किती दिवस असतो? दोन-तीन दिवसच. म्हणजे ज्या आजारात माणसाने फक्त झोपायला हवं, नेमका त्यातच खाडा त्याच्या खिशातून जातो. अशा माणसाने डॉक्टरला "उद्या कामावर जायला पाहिजे, स्ट्राँग काहीतरी द्या" म्हटलं तर तो अडाणीपणा कसा? कंत्राटी कामगाराचं तर विचारूच नका. दिवसभर रुग्ण तपासणारे आपले डॉक्टरही ही भाषा ओळखतात आणि सुई भरतात.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यायची नाही, हा नियम आपल्याकडेही आहे. तो पाळलाच पाहिजे, हे मी आईलाही ठणकावून सांगितलं. पण नुसता मेडिकलवाल्याला दंड करून हे थांबेल असं मला वाटत नाही. आधी ते दोन दिवस भरून द्या. मोल्डरला तापात झोपण्याची मुभा द्या, मग त्याला विश्रांतीचे धडे द्या. जर्मनीचा दाखला द्यायचा तर अर्धा देऊ नये.

मावशीचंही मला कळतं. तिला माया दाखवायची होती, आणि आमच्याकडे माया सलाईनच्या बाटलीतून दिसते. पण मला बरं केलं ते थर्मासने आणि वेळेने. परीक्षा हुकली होती, तीही आजारपणाचा दाखला दिल्यावर पुढच्या सत्रात द्यायला मिळाली.

परवा फोन केला तेव्हा आबांचा आवाज बसलेला होता. "ताप आहे काय?" विचारलं. म्हणाले, "हाय जरासा. सकाळी सुई मारून घेतली. फर्स्ट शिफ्टला निघालोय, बाळ, मग बोलू."