लहान ट्रॅक्टरची बकेट मोठी करावी, पण पत्रा वेल्ड करून नव्हे

बेळगावकडच्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक सल्ला फार फिरतो आहे. लहान ट्रॅक्टरच्या लोडरची, म्हणजे पुढे बसवलेल्या माल उचलणाऱ्या यंत्राची, बकेट चारही बाजूंनी जाड पत्रा वेल्ड करून दुप्पट करावी. तूस, चिपाड (रस काढून उरलेला ऊस), पाचट (उसाची वाळलेली पाने) हा माल हलका असल्याने लोडरवर ताण येत नाही, काम निम्म्या वेळात होते आणि ट्रॅक्टरच्या मागे वजन बांधण्याचीही गरज उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. बकेट मोठी करण्याची कल्पना चांगली आहे आणि ती करावी, असेच माझे मत आहे. परंतु या सल्ल्यातील जवळजवळ प्रत्येक तपशील शेतकऱ्याला खर्चात किंवा धोक्यात घालणारा आहे.

माल हलका असतो, हे विधान कोरड्या तुसापुरते खरे आहे. भाताचे तूस 1000 लिटरला साधारण 110 किलो भरते, म्हणजे 200 लिटरच्या बकेटमध्ये जेमतेम 22 किलो आणि 400 लिटरच्या बकेटमध्ये 44 किलो. एवढ्याने कोणताही लोडर दमत नाही. पण गुऱ्हाळाच्या चरकातून नुकतेच निघालेले चिपाड वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते, आणि चुलाणासाठी (गुळाच्या भट्टीसाठी) उन्हात वाळवल्यावरच ते हलके होते. खरा धोका याहून वेगळा आहे. वेल्ड केलेली बकेट दुसऱ्या दिवशीही तेवढीच मोठी राहते, आणि त्याच ट्रॅक्टरवर दुसरा चालक ओले शेणखत भरतो, तेव्हा 400 लिटरचे वजन 360 किलोच्या आसपास जाते. खानापूरकडची ओली तांबडी माती भरली, तर ते 600 किलोंच्याही वर जाते. लहान ट्रॅक्टरच्या अनेक लोडरची पूर्ण उंचीवरील क्षमता 300 ते 400 किलोंच्या आसपास असते, आणि हा आकडाही बहुधा बकेटच्या पिनेपाशी, म्हणजे बकेट लोडरच्या हातांना जोडलेली असते तिथे, मोजलेला असतो. बकेटच्या धारेकडे जावे तसा तो आणखी उतरतो.

आता पत्र्याच्या जाडीचा हिशेब पाहू, कारण संदेशात तो मुळीच नाही. बकेट 140 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर खोल असेल आणि मागची व दोन्ही बाजूंची भिंत 30 सेंटिमीटरने उंच केली, तर सुमारे 210 लिटर जागा वाढते आणि त्यात 23 किलो तूस मावते. या तीन भिंतींना 0.72 चौरस मीटर पत्रा लागतो. 5 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन 28 किलो होते, म्हणजे वाढीव मालापेक्षा वाढीव लोखंडच जड. 3 मिलिमीटरच्या पत्र्याचे 17 किलो होते. हेच काम 12 मिलिमीटरच्या प्लायवुडच्या फळ्यांनी पाच-सहा किलोंत भागते, आणि तूस उचलायला याहून मजबूत काही लागतही नाही.

चारही बाजूंनी वाढवण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. पुढची धार लांबवली की भार पिनेपासून दूर जातो, ढिगात घुसण्याची ताकद घटते आणि बकेट हलवणारे हायड्रॉलिक सिलिंडर व पिना यांवरचा ताण वाढतो. वाढ मागे आणि बाजूंनाच, वरच्या दिशेने करावी. मागची भिंत उंच करण्याला एक चांगले कारणही आहे: बकेट आपोआप समपातळीत न ठेवणाऱ्या साध्या लोडरवर लोडरचे हात वर जाताना बकेट मागे कलत जाते आणि भरलेला माल बॉनेटवर, कधी चालकाच्या अंगावर ओतला जातो. मात्र भिंत उंच झाल्याने पुढचे दिसेनासे होते, म्हणून चिपाडासाठी मागच्या बाजूला जाळी वापरावी. फळी बसवल्यावर रिकामी बकेट सावकाश पूर्ण वर नेऊन, पूर्ण मागे वळवून, ती बॉनेटला किंवा सिलिंडरला कोठे घासते का हे पाहावे.

निम्म्या वेळाचा दावा तुसाच्या बाबतीत बराच पटतो, पाचटाच्या बाबतीत नाही. वाळलेले पाचट बकेटमध्ये ओतल्यासारखे शिरत नाही. ढीग पुढे सरकतो आणि बकेट अर्धी रिकामीच वर येते. पाचटाला मोठी बकेट नव्हे, काटे असलेले अवजार हवे.

मागे वजन नको, हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. लोडरचे स्वतःचे वजनच पुढच्या आसावर पडलेले असते, आणि पुढे भार वाढला की मागची चाके हलकी होतात. ब्रेक मागच्याच चाकांवर लागतात, त्यामुळे उतारावर तेच निकामी ठरतात. टायरमध्ये पाणी भरल्याने मागचा जोर वाढतो, पण पुढच्या आसाचा भार कमी होत नाही. तो तीन-बिंदू जोडणीवर (ट्रॅक्टरमागे अवजारे जोडतात त्या जागी) लटकवलेल्या वजनानेच कमी होतो. माल तुसाइतका हलका असला, तरी हे वजन लावावे आणि भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चालावे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बकेटच्या वरच्या कडेला अँगल लावून त्यावर बोल्टने फळ्या बसवून घेता येतील. तेवढे अँगल वेल्ड करायचे असल्यास आधी बॅटरीची तार सोडावी आणि अर्थिंगचा चिमटा थेट बकेटवर, वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा, म्हणजे विद्युतप्रवाह पिना आणि सिलिंडरमधून जाणार नाही. बोल्टचे नट बाहेरच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे आत माल अडकत नाही आणि शेणखत भरायच्या दिवशी फळ्या चटकन उतरवता येतात.