कवितेत साका

परवाच्या रविवारी आमच्या साहित्य-कला मंडळाच्या मासिक सभेत माझ्या कवितेत साका निघाला. साका म्हणजे हापूसच्या गरात निघणारा पांढरट, खराब भाग. निदान असं जाहीर झालं, आणि टाळ्याही पडल्या.

सभा वाचनालयाच्या माडीवर असते. अध्यक्षांचं भाषण ठरलेलं. १८६६ साली मालगुंडात केशवसुत जन्मले तिथून सुरुवात, मग १९३० साली बागलांच्या राईत आरती प्रभू, आणि मग ‘या लाल मातीने तिसरा...’ असं म्हणून ते थांबतात आणि पाणी पितात. ती रिकामी जागा कोणाच्या नावाने भरायची ते आम्हाला कळतं. आम्ही भरत नाही. तेवढ्यात बटाटेवडे गार होतात. आरती प्रभूंनी कुडाळात खानावळ चालवली होती. त्यांच्याकडे लोक निदान जेवायला म्हणून उघडपणे येत असतील. आमच्याकडे येतात वड्यासाठी, आणि सांगतात काव्यासाठी.

माझा नंबर शेवटचा. मी सुरू केलं:

‘वैशाखाच्या भर दुपारी मोहरली गे आमराई,
पानोपानी मध पाझरे, वाऱ्यालाही झाली घाई...’

“मास्तरानू, जरा थांबा.”

मागच्या बाकावर भाऊ होते. भाऊ बागायतदार. वाचनालयाच्या खालीच पंपदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे फवारणीचा पंप टाकला होता, आणि तो होईपर्यंत सावलीला म्हणून ते वर येऊन बसले होते. साहित्याशी त्यांचा संबंध एवढाच.

“वैशाखात मोहोर खंय इलो? वैशाखात आंबो पेटयेत बसान वाशीक जाता.”

“भाऊ, ही कविता आहे. हा मनाचा मोहोर.”

“मनाचो आसांदे. पण पानोपानी मध गळता म्हणतास ना, तो मध न्हय. तुडतुडे पडलेहत. आज पानां चिकट, उद्या काळी पडतली. फवारलास काय?”

“कोणाला?”

“झाडाक!”

मंडळात एवढी जाग मी कधी पाहिली नव्हती. अध्यक्षांच्या भाषणात घोरणारे खजिनदार ताठ बसले आणि पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहायला लागले. त्यांचं परसातलं कलम वर्षाआड धरतं. “हापूस तो, तसोच करतलो,” भाऊ म्हणाले. “दरवर्साक होयो तर रत्ना लाव. आवस नीलम, बापूस हापूस. आणि साको पडणा नाय.” विरहाच्या गझला लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, कलम किती खोल लावायचं? मी आजवर त्यांच्या तोंडून व्यवहाराचा प्रश्न ऐकला नव्हता. भाऊंनी उठून, फळ्यावरची ‘काव्यसंध्या’ पुसून, खड्ड्याची आकृती काढली.

मी कागद धरून उभाच. ‘बसा’ कोणी म्हणेना, ‘वाचा’ही कोणी म्हणेना.

शेवटी भाऊंनाच दया आली. “वाचा, वाचा मास्तर.” मी उरलेली चार कडवी वाचली. पंप झाला म्हणून खालून माणूस हाक मारतो आहे का, यासाठी भाऊंचा एक कान जिन्याकडे. आणि अध्यक्षांनी, माझ्याशी त्यांचं काय वैर आहे कोण जाणे, भाऊंनाच अभिप्राय विचारला.

भाऊंनी मान कलती करून विचार केला. “माका कवितेतला कळणा नाय. पण वरसून बरी दिसता, सोनेरी. वासय बरो. कापलास की आत साको.”

टाळ्या. माझ्या कवितेच्या निमित्ताने मंडळात वाजलेल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

हसा. पण वार्षिक अंकात छापून यायला आम्ही सभासद पानामागे पैसे मोजतो, आणि अध्यक्षांचं दीर्घकाव्य सहा पानं फुकट जातं. गेल्या अंकात माझा आईवरचा लेख तिसऱ्या परिच्छेदातच तोडला, कारण खाली जाहिरात बसवायची होती. ‘आईने पदराने डोळे पुसले आणि’ इथे मी संपतो, पुढे ‘सेंद्रिय खत घरपोच मिळेल’. कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. दोघांनी शेवट आवडल्याचं आवर्जून सांगितलं. सबंध वाचून दाखवायला गेलो तर वेळ नाही, छापायला दिला तर जागा नाही, आणि तुडतुड्यांना मात्र अर्धा तास!

व्हॉट्सॲपवर सभेचा वृत्तांत आला. ‘भाऊंचे मौलिक मार्गदर्शन.’ फोटोत मीही आहे, म्हणजे माझा कागद धरलेला हात आहे.

काल सचिवांचा फोन आला. “पुढच्या वेळी जरा वेगळं लिहा, समुद्रावर वगैरे. आणि भाऊंना आधी दाखवा, ते येणार आहेत. त्यांच्या जावयाचा ट्रॉलर आहे.”

समुद्रावरची तयार आहे माझ्याकडे. तिच्यात आषाढात होडी निघते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते हे मलाही ठाऊक आहे. माझ्या होडीला इंजिनच नाही. तरी रात्री बसून दुसऱ्या कडव्यात वल्ही घातली. ओळ दोन मात्रांनी वाढली आहे, ती आता भाऊंनीच कापावी.