कब कॅडेट १४९ या बागकामाच्या छोट्या ट्रॅक्टरच्या प्रकल्पाबद्दल तुम्ही केलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार वाचली. मग तुमच्या ट्रॅक्टरची नोंदवही काढली आणि ज्या फिटरने काम केलं त्याला शेजारी बसवून पुन्हा वाचली. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की चार महिने आम्ही नुसते आराखडे काढत बसलो आणि तुम्हाला हवं असलेलं वीस हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं इंजिन बसवायला नकार दिला. परत मिळालेला ट्रॅक्टर लिव्हर न्यूट्रलला असतानाही पुढे सरकतो, तासाभराच्या कामानंतर चढावर दम टाकतो. आणि फोन केलात तर ‘तुम्हीच ढकलून बिघडवला असेल’ असं ऐकावं लागलं.

शेवटची गोष्ट आधी घेतो. इंजिन बंद असताना हायड्रोच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने चाकांना ताकद देणाऱ्या हायड्रोस्टॅटिक यंत्रणेच्या, झडपा मोकळ्या न करता ट्रॅक्टर ढकलला तर आतल्या भागांना इजा होऊ शकते, हे खरं आहे. पण ट्रॅक्टर डोळ्यांनी न बघता फोनवर तसं म्हणायचा आमच्या माणसाला काहीच अधिकार नव्हता. ते शब्द मी मागे घेतो आणि तुमची माफी मागतो.

न्यूट्रलला ट्रॅक्टर सरकतो, हीसुद्धा आमचीच चूक आहे आणि ती धोक्याची आहे. कृपया आमच्याकडून दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नका. हलवावाच लागला तर इंजिन बंद करून पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय सीटवरून उतरू नका.

काय चुकलं ते सांगतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये क्लच दाबून गिअर सोडवण्याचा प्रकार नसतो. पंपात एक तिरकी होणारी थाळी असते. ती जितकी कलते तितकं ऑइल पंप चाकं फिरवणाऱ्या ऑइल-मोटरकडे ढकलतो, आणि दुसऱ्या बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे जातो. न्यूट्रल म्हणजे थाळी अगदी सरळ. केसभर जरी कललेली राहिली तरी ऑइल वाहतं. त्या थाळीच्या दांड्याला, ट्रनिअनला, एक खाच असते आणि तिच्यात कंट्रोलची पिन बसते. तुमचं मॉडेल १९७१ ते १९७४ मधलं. इतक्या वर्षांत ती खाच झिजून रुंद झाली होती. आम्ही ती वेल्डिंगने भरली, कानस मारून मापात आणली, आणि ते काम चोख झालं आहे. पण न्यूट्रल लावलं ते इंजिन मंद चालीवर, मिनिटाला १,२०० च्या आसपास फेऱ्यांवर असताना, तेही फक्त पुढच्या बाजूने लिव्हर आणून. तुम्ही काम करता ३,६०० फेऱ्यांवर. थाळीचा कल तोच, पण पंप तिप्पट फिरतो, म्हणून ऑइलही तिप्पट. मंद चालीवर जो थोडा प्रवाह आतल्या आत जिरत होता तो पूर्ण थ्रॉटलवर चाकं फिरवतो. ऑइल गरम करून, पूर्ण थ्रॉटलवर, लिव्हर पुढून आणि मागून दोन्हीकडून आणून न्यूट्रल लावायला हवं होतं. आम्ही ते केलं नाही.

आता चढावर दम टाकण्याचं. याबद्दल आमच्या कागदावर एकच ओळ आहे: ‘हायड्रो वापरण्याजोगा.’ ही ओळ मला सगळ्यात जास्त खुपते. पंधरा मिनिटं चालवून ती लिहिली गेली, आणि पंधरा मिनिटांत या जातीच्या ट्रॅक्टरचं खरं काही कळत नाही. ऑइल थंड असतं तोवर दाट असतं, आणि पंपातले झिजलेले पिस्टन, झिजलेला चार्ज पंप (मुख्य पंपाला ऑइल पुरवणारा छोटा पंप) हे सगळं ते झाकून घेतं. तापून पातळ झालं की तेच ऑइल फटींतून निसटतं, दाब पडतो आणि चढावर चाक थांबतं. म्हणून तासभर ओझ्याखाली चालवून, ऑइल तापलेलं असताना चार्ज पंपाला गेज लावून दाब बघायचा असतो. आम्ही गेज लावला नाही आणि चार महिने टायर, लोडर (पुढे माती उचलायचं बकेट), इंजिन यांच्या रेखाटनांवर घालवले. ज्या पायावर हे सगळं उभं राहणार होतं तो पाया मोजलाच नव्हता. चार महिन्यांबद्दलचा तुमचा राग मला पूर्ण पटतो.

मात्र इंजिनाच्या नकारावर मी अजून ठाम आहे, आणि त्याची कारणं तेव्हा नीट समजावून न सांगणं ही आमची कसूर होती. ती आता सांगतो.

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरची ओढ ऑइलच्या दाबावर आणि मोटर एका फेरीत किती ऑइल घेते यावर ठरते. हॉर्सपॉवर वाढवल्याने मोटर मोठी होत नाही. वीसचं इंजिन लावलं तर तीच ओढ जास्त वेगात टिकेल एवढंच, आणि मधे वाया जाणारी सगळी ताकद उष्णता होऊन त्याच ऑइलमध्ये उतरेल. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रो आणि मागचं डिफरन्शियल एकच ऑइल वापरतात, सुमारे साडेसहा लिटर. जो हायड्रो मूळच्या १४ हॉर्सपॉवरच्या कोहलर के३२१ वरही तापून हात टेकतो, त्याच्यापुढे वीसचं इंजिन बसवणं मला मान्य नाही.

दुसरं कारण जास्त अवघड आहे आणि पुष्कळ जणांच्या ध्यानात येत नाही. या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचं फ्लायव्हील सीटकडे असतं आणि तिथूनच ड्राइव्ह शाफ्ट हायड्रोच्या पंपाला जातो. पुढच्या टोकाला पीटीओ, म्हणजे अवजारांना ताकद देणारं टोक. नवीन व्ही-ट्विन (दोन सिलिंडरची) इंजिनं ताकद देतात ती पीटीओच्या टोकाला. फ्लायव्हीलकडून काढायची तर खास स्टब शाफ्ट (आखूड जोडदांडा) करून घ्यावा लागतो आणि तो अगदी केंद्रात बसावा लागतो, नाहीतर कपलिंग फार दिवस टिकत नाहीत. ‘इंजिन उलटं फिरवून बसवा’ असं तुम्हाला कुणी सुचवलं होतं. तसं केलं तर पुढचा पीटीओ तर जातोच, शिवाय पंप उलट्या दिशेने फिरतो. चार्ज पंप एकाच दिशेसाठी बनवलेला असतो. उलटा फिरला की मुख्य पंपाला ऑइल मिळत नाही, आणि मग हायड्रो वाचत नाही.

टायरचंही थोडं. मूळचे मागचे टायर २३ इंचांचे, तुम्हाला २६ चे हवे होते. दिसायला ते सुंदर दिसतात, मलाही आवडतात. पण व्यास १३ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढीच ओढ जमिनीवर मिळवायला दाबही तितकाच वाढवावा लागतो. निरोगी हायड्रो हे सहन करेल, तुमचा आत्ता नाही. लोडर मात्र होऊ शकतो. त्यासाठी वेगळा पंप लागेल, कारण अवजारं उचलणारी लिफ्ट चालवणारा चार्ज पंप लोडरला पुरत नाही. पुढच्या चाकांचे पाऊण इंची स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते दांडे) एक इंचाचे करावे लागतील आणि मागे वजन बांधावं लागेल.

तुम्हाला देऊ करतो ते असं. आराखड्यासाठी घेतलेली रक्कम पूर्ण परत. ट्रॅक्टर आमच्या गाडीने आम्ही घेऊन येऊ, न्यूट्रल वर सांगितल्या पद्धतीने लावू आणि तुम्ही समोर उभे असताना पूर्ण थ्रॉटलवर दाखवू. मग तासभर ओझ्याखाली चालवून तापलेल्या ऑइलवर दाब मोजू आणि आकडा तुमच्या हातात देऊ. या तिन्हींचे पैसे नाहीत. दाब कमी निघाला तर हायड्रो खोलायचा की नाही हे तुम्ही ठरवा. खोललात तर कुठला भाग किती झिजला ते प्रत्यक्ष बघूनच खर्चाचा कागद करू, आधी अंदाजाने नाही. हायड्रो दुरुस्त झाल्यावर के३२१ नव्याने बांधून घ्या असं माझं मत आहे. ते इंजिन त्या फ्रेममध्ये शोभतं आणि पुरतंही.

वीस हॉर्सपॉवरच हवी असेल आणि दुसरीकडे काम करून घ्यायचं असेल तर सगळी रेखाटनं तुमचीच आहेत, घेऊन जा. पंपाच्या फिरण्याची दिशा त्यांच्यावर मी स्वतः लाल शाईने काढून देतो, म्हणजे जो कुणी इंजिन बसवेल त्याला ती पहिल्यांदा दिसेल. येत्या आठवड्यात तुम्हाला सोयीचा दिवस कळवा. फोन मीच उचलेन.