सहा सेकंदांचं गाणं

रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, सुचायला काही लागत नाही. रात्री साडेअकराला गिटार मांडीवर होती, सगळ्यात जाड तार ई सुरावरून डी वर उतरवलेली. डोळे मोबाइलमध्ये आणि बोटं आपली चाळा करत होती, तेवढ्यात ते निघालं. डग-डग-डग-डँ, डग-डग-डँऽऽ. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवली की येतो तो गच्च, दबका आवाज. माझी मान हलायला लागली. हेवी मेटल संगीतात मान हलली की रिफ पास.

मग मी ते मोजायला गेलो, ती चूक झाली. १६० च्या टेम्पोत (मिनिटाला १६० बीट, म्हणजे ठोके) चार बार, म्हणजे सोळा बीट, म्हणजे बरोबर ६ सेकंद. गाणं निदान चार मिनिटांचं तरी हवं. उरली ३ मिनिटं ५४ सेकंद.

घोडं पेंड खातं ते दुसऱ्या रिफपाशी. पहिला आपोआप येतो, दुसऱ्याला बोलावून आणावं लागतं, आणि बोलावून आणलेला रिफ पाहुण्यासारखा अवघडून बसतो. एक केला, तो पहिलाच उलटा निघाला. दुसरा केला, तो पहिलाच, पण हळू. तिसरा मात्र असा जमला की तासभर मी स्वतःवरच खूश होतो. मग लक्षात आलं, इतका ओळखीचा वाटतोय कारण शाळेत असल्यापासून ऐकतोय.

अशा वेळी मला ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी आठवतो. कारखान्यात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि १९७० साली ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. रात्री एक वाजता ही गोष्ट फार लागते.

दुसरा रिफ येईना, म्हणून ड्रम करायला घेतले. घरात ड्रमर नाही, माउस आहे. कॉम्प्युटरवर एकेक ठोका चौकटीत टाकायचा आणि तो किती जोरात ते ० ते १२७ मध्ये सांगायचं. मेटल आहे म्हणून मी सगळेच १२७ केले, तर शिवणयंत्राला राग आल्यासारखं वाजलं. मग दोन रात्री बसून एकाला ११९, एकाला १२३ असं करत माणूसपण भरलं. डबल बेसला, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमला, सेकंदाला दहाच्या वर लाथा पडतात, त्या सगळ्या हाताने घातल्या. शेवटी नीट पाहिलं तर एका जागी माझा ड्रमर स्नेअर आणि टॉम हे दोन ड्रम आणि दोन क्रॅश झांजा एकदमच वाजवत होता. चार हातांचा. ठेवला तसाच.

गिटार दोनदा वाजवावी लागते, एक डाव्या कानाला, एक उजव्या. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो गुपचूप मध्ये येऊन बसतो, आवाजाची भिंत उभी राहत नाही. म्हणजे तीच चूक दोनदा, पण सारखी नको. उजवीकडचा टेक सत्ताविसाव्या वेळी जमला, आणि त्यात खुर्ची कुरकुरली नव्हती हे मला अजून खरं वाटत नाही.

हे सगळं हेडफोनमध्ये. माझ्या कानात प्रलय चालू असतो, घरच्यांना नुसतं टुक-टुक-टुक ऐकू येतं. आईने एकदा दारातून विचारलंही, "अरे, ती चालू करायची राहिलीये का?"

पण गाताना हेडफोनचा उपयोग उलटा होतो. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, पाठीवर पांघरूण घेऊन मी ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, करत होतो. संगीत मला ऐकू येत होतं, बाकी घराला फक्त मी. दारावर थाप पडली.

"उलटी होतेय का रे?" बायको.

"नाही गं, कोरस होतोय."

बाहेर बराच वेळ काही आवाज नव्हता. मग पाण्याचा ग्लास दाराशी ठेवल्याचा आला.

तर असं तीन आठवडे. परवा दुपारी बाहेरच्या खोलीत गेलो तर आई कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती. माझाच रिफ! तीन आठवडे टुक-टुक ऐकून तो तिच्या अंगात भिनला होता. पण मधला कुठला तरी अर्धा बीट ती खात होती, त्यामुळे बारमधल्या आठ अर्ध्या बीटांचे सात होत होते आणि रिफ दर वेळी ठेच लागून पुढे पडल्यासारखा धावत होता. माझी मान हलली. हाच तो दुसरा रिफ!

"आई, परत म्हण."

"काय म्हणू?"

"आत्ता म्हणत होतीस ते."

"मी कुठे काय म्हणत होते?"

फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, पण सावरून बसून, अगदी आठच्या आठ. कुठला अर्धा बीट गेला होता ते मी स्वतः एकेक काढून पाहिलं. एकही तसा वाजला नाही.

सध्या मी मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून दाराआड उभा आहे. घडी घातलेले कपडे मीच पुन्हा विस्कटून ठेवलेत.