पडायचंच असेल तर रीतसर पडा

आमच्या गल्लीतला मिस्त्री सव्वा महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या सेंट्रिंगवरून खाली आला. जिन्याने नाही. मांडीचं हाड मोडलं, टाचेचा चुरा झाला. परवा संध्याकाळी त्याचा गुत्तेदार माझ्या दारात हजर. हातात ५०० रुपयांचा बाँड पेपर. म्हणाला, "सर, साक्षीदार म्हणून तुमची सही लागती. शिकलेल्या माणसाची सही असली की बरं असतं."

शिकलेला माणूस या नात्याने मग मी समस्त मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले आणि फरशीवाले यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन लिहून काढलं आहे. फी नाही.

पडण्याची तयारी किमान वर्षभर आधी सुरू करा. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो गुत्तेदार देणार नाही, कारण दिला तर तुम्ही त्याच्याकडे कामाला होता हे सिद्ध होतं. मग शोधा ग्रामसेवक, गाठा नगरपालिका, भेटा एजंटला. मंडळाकडून भांड्यांचा संच मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. कामावर मरण आलं तर नोंदीत मजुराच्या वारसाला ५ लाख मिळतात, पण कार्डाचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेवढं होईपर्यंत जीव धरून ठेवा. हा पैसा गुत्तेदाराच्या खिशातलाही नाही. बांधकामाच्या खर्चाचा १ टक्का उपकर १९९६ च्या कायद्यापासून यासाठीच वसूल होत आलाय.

हेल्मेटची चिंता नको. तुम्ही खाली पडलात की ते आणून शेजारी ठेवतात.

पडल्यावर शुद्ध मात्र हरपू देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण दवाखान्यात केसपेपरवर "कसं झालं" हे तुमच्याऐवजी गुत्तेदाराचा माणूस सांगतो. आमच्या मिस्त्रीच्या केसपेपरवर लिहिलंय, "घरी जिन्यावरून पाय घसरून पडला." माणूस राहतो पत्र्याच्या खोलीत! त्याला जिना कुठून आला? तो जिना गुत्तेदाराच्या पोराने दवाखान्याच्या खिडकीत उभं राहून दोन मिनिटांत बांधला. आणि एकदा घरी पडलात की एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद) नाही, पोलिसांचा जबाब नाही, पंचनामा नाही. दोन ओळींत अख्खा अपघात कामावरून उचलून तुमच्या घरात आणून टाकला. तेव्हा कळ सोसा, पण पहिला शब्द "कामावर" हाच काढा.

"प्यायला होता" हे ऐकायची सवय ठेवा. जन्मात सुपारी न खाल्लेला माणूसही पडल्यानंतर पिऊनच चढलेला असतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर कायद्यात ही सबब चालतच नाही, पण हे कोणाला सांगू नका, लोकांचा हिरमोड होतो.

"तो माझा नाही, सब-गुत्तेदाराचा माणूस" असं ऐकलंत तर हसा. कायद्याने मूळ गुत्तेदारही बांधील असतो.

आता बाँड. बाँडवर लिहिलंय, "रुपये २०,००० रोख मिळाले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही व भविष्यात कोणताही दावा करणार नाही." खाली अंगठ्याची जागा. मिस्त्रीला सही येते, तरी अंगठ्याचीच.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण? त्या जर्मनीत कामगाराच्या अपघात विम्याचा कायदा १८८४ साली झाला. आपल्याकडे भरपाईचा कायदा १९२३ चा. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, म्हणून इकडं पोचायला उशीर लागला असेल. पण निजामाचं राज्य संपलं त्या १७ सप्टेंबर १९४८ लाही पाऊणशे वर्षं उलटली की! २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेतही जाऊन बसला, आणि आमच्या गल्लीत अजून बाँडच चालू आहे.

हिशेब सांगतो. मिस्त्रीचं वय ४०. महिन्याचा पगार कितीही असो, १५,००० च्या वर धरत नाहीत. त्याचे ६० टक्के ९,०००. त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं, चाळिशीचा गुणक १८४.१७. पूर्ण अपंगत्व असेल तर १६ लाख ५७ हजार. नुसता अंगठा तुटला तर कायद्याच्या कोष्टकात कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, म्हणजे ४ लाख ९७ हजार. तुटलेल्या अंगठ्याचे पाच लाख, आणि शाबूत अंगठा बाँडवर उठवला की वीस हजार! टाचेला किती टक्के, ते डॉक्टर ठरवतील. गुत्तेदार कोण लागून गेला ठरवणारा? दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तोही मालकानेच द्यायचा. महिन्यात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दाव्याला दोन वर्षांची मुदत. आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो. तडजोड करायचीच तर भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे नोंदवावी लागते, रक्कम अपुरी दिसली तर ते नोंद नाकारू शकतात. म्हणजे त्या बाँडला रद्दीचा भाव. हे गुत्तेदाराला पक्कं माहीत आहे. मिस्त्रीला माहीत नाही, एवढ्यावरच तर हा सगळा धंदा उभा आहे.

जाऊ द्या. हे वाचणारे तुम्ही मिस्त्री नाहीत, मला कळतं. तुमचं प्लॉटवर काम चालू आहे. स्लॅबच्या दिवशी तुम्ही नारळ फोडता, मजुरांना जिलेबी वाटता, आणि वर चढलेल्या माणसाच्या कमरेला दोरी आहे का ते मान वर करून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. माझ्या घराच्या कामात एका बिगाऱ्याच्या पायात खिळा घुसला तेव्हा धनुर्वाताच्या सुईचे पैसे दिले आणि महिनाभर लोकांना सांगत फिरलो. लाज वाटते आता. तुम्हालाही वाटू द्या जरा. घराच्या फरशीचा रंग ठरवायला तीन वेळा लातूरला जाता, आणि गुत्तेदाराला "माणसांचा विमा काढलास का रे?" एवढं विचारायला जीभ उचलत नाही?

काल मिस्त्रीची बायको आली. म्हणाली, "करून टाका सर सही. उचल फेडायची आहे, लेकराची फी राहिली." तिला मी काय सांगू, दोन वर्षांची मुदत आहे म्हणून?

आणि गुत्तेदार साहेब, तुम्ही. हे तुमच्यापर्यंत पोचेलच, गल्ली लहान आहे. सहा बंगल्यांची कामं चालू आहेत तुमची, दारात नवी गाडी आहे, आणि ज्याच्या हातच्या ओळंब्यावर हे सगळं उभं राहिलं त्याला तुम्ही पत्र्याच्या खोलीत जिना बांधून देता? सही मिळणार नाही. बाँडही परत मिळणार नाही, तो आता वकिलाकडे आहे. त्याचे ५०० रुपये हवे असतील तर घरी या, मिस्त्रीच्या खाटेजवळ बसून मोजून देतो.